सापडले म्हणजे कोणाचे?

हा प्रश्न लहानपणी प्रत्येकाने सोडवलेला असतो. रस्त्यात आठ आणे सापडले तर ते कोणाचे? रत्नागिरीकडच्या आमच्या गावात याचे उत्तर ठरलेले होते. आधी आजूबाजूला विचारायचे, दुकानदाराला सांगून ठेवायचे, कोणीच आले नाही तर मशिदीच्या पेटीत टाकायचे. त्या आठ आण्यांच्या गोळ्या आणून खाणारी मुलेही होती, नाही असे नाही. पण आपण काय केले हे त्यांनाही ठाऊक असे. या प्रश्नात एक सोय आहे. कोणाचे तरी काही हरवलेले असते आणि ते दुसऱ्या कोणाला सापडलेले असते. दोन बाजू स्पष्ट असतात. पण जे कोणाचे हरवलेलेच नाही, जे आपल्याच परसात, आपल्याच मातीत, आपल्या डोळ्यांसमोर होते आणि एक दिवस आपल्याला नुसते दिसले, ते कोणाचे? गेली काही वर्षे आम्ही या प्रश्नाभोवती फिरत आहोत. कारण अगदी लहान आहे. एक वीतभर उंचीचे फूल.

आम्ही दोघे नवरा-बायको इंग्लंडच्या लँकेशायर भागात राहतो. कोकणी मुसलमानांची बरीच घरे इकडे आहेत. आधीची पिढी इथल्या कापडगिरण्यांत कामाला आली, गिरण्या बंद पडल्या आणि माणसे राहिली. आमची बरीच वर्षे भिंतीला भिंत लागलेल्या चाळवजा घरात गेली, जिथे मागे चार फरशांची मोरी आणि कपडे वाळत घालायची दोरी एवढेच असे. २०१७ च्या हिवाळ्याच्या तोंडावर थोडे बाहेरच्या बाजूला, मागे खरीखुरी बाग असलेले घर घेतले. (कोण काय म्हणाले हे आता वेगळे काढता येत नाही, म्हणून हा लेख आम्ही दोघांचाच समजावा. जिथे आमचे पटले नाही, तिथे तसे सांगू.) घर एका वृद्ध बाईंचे होते. त्यांना विसरण्याचा आजार झाला होता, त्या वृद्धाश्रमात गेल्या होत्या आणि मुलाने घर विकायला काढले होते. बाईंना आम्ही तेव्हा पाहिलेही नव्हते. त्यांची चहाची भांडी मात्र स्वयंपाकघरात तशीच होती. ती मुलाकडे पोचवताना आम्हांला उगीच चोरी केल्यासारखे वाटले होते.

पहिल्या जानेवारीत भिंतीच्या कडेला, पालापाचोळ्यातून, काही हिरवी टोके वर आली. आम्हांला वाटले रानगवत. आठवड्याभरात त्यांना फुले आली. इथले लोक त्याला स्नोड्रॉप म्हणतात. आपल्याकडच्या वाचकांनी ते पाहिलेले नसेल, म्हणून सांगतो. वीतभर नाजूक दांडी, तिच्या टोकाला खाली मान घातलेले एकच पांढरे फूल, कानातल्या डुलासारखे. बाहेर तीन लांब पाकळ्या, आत तीन आखूड, आणि त्या आतल्या पाकळ्यांच्या टोकाला हिरव्या रंगाचा उलट्या व्हीसारखा ठिपका. फुलाच्या वर, जिथे ते दांडीला लटकते, तिथे एक हिरवी घुंडी असते. बी तिच्यात धरते. लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीला गॅलँथस असे नाव दिले, त्याचा ग्रीक अर्थ दुधाचे फूल. पानांची टोके कडक असतात, म्हणून ती गोठलेल्या मातीतून आणि बर्फातूनही वर येतात. २०१८ च्या फेब्रुवारीअखेर इथे फार मोठी हिमवृष्टी झाली, रस्ते बंद पडले. त्या दिवसांत ही फुले अशी आडवी पडली की संपली असेच आम्ही धरून चाललो. थंडी ओसरली आणि दुपारपर्यंत ती पुन्हा उभी. अम्मी तेव्हा आमच्याकडे आली होती. ती खिडकीतून बघत म्हणाली, “सजद्यातून उठल्यासारखी उठली गं!”

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे याच फुलांच्या चाळीस जाती आहेत. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हांला बागेत बोलावले आणि एकेक दाखवले. याच्या आतल्या पाकळीवर दोन ठिपके, याचा ठिपका क्रॉससारखा, याच्या सहाही पाकळ्या सारख्या लांबीच्या, याच्या बाहेरच्या पाकळ्यांनाही हिरवी झाक. आम्ही मान डोलावत होतो आणि आम्हांला चाळीस ठिकाणी एकच पांढरे फूल दिसत होते. फूल बघायचे तर गुडघ्यावर बसावे लागते, एक बोट घालून त्याची मान वर करावी लागते, तेव्हा आतली खूण दिसते. उभ्या माणसाला सगळी सारखीच. इथे एक गोष्ट सांगायला हरकत नाही. पांढऱ्यातले चाळीस पांढरे ओळखणारे हेच सद्गृहस्थ दोन वर्षे आम्हांला पाकिस्तानी समजत होते. मराठी ही भाषा आहे आणि मुसलमान ती घरात बोलतात, हे त्यांना पटवायला बराच चहा खर्ची पडला. पण त्यांना हसायचा अधिकार आम्हांला नाही. तीस वर्षे आम्हीही त्या गल्लीतल्या सगळ्यांना ‘गोरे’ या एकाच शब्दात बसवत होतो. त्यांतला कोण वेल्सचा, कोण आयरिश, कोणाचा आजा पोलंडहून आलेला, हे आम्ही कधी विचारले नव्हते.

२०२० च्या फेब्रुवारीत भिंतीकडच्या त्या झुबक्यांत आम्हांला एक वेगळे फूल दिसले. वरची घुंडी हिरवी नव्हती, पिवळी होती. आतला ठिपकाही पिवळा. लिंबाच्या सालीसारखा फिकट पण स्पष्ट. एकूण पाच दांड्या, पाचही तशाच. प्रथम आम्हांला वाटले रोग पडला. शेजाऱ्यांना बोलावले, ते गुडघ्यावर बसले, बोट घालून मान वर केली आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग म्हणाले, “तुम्हांला काय सापडलंय ते कळतंय का?” पुढच्या महिन्यात टाळेबंदी लागली. मशिदी बंद, लग्ने बंद, गावाकडे अब्बा आजारी आणि विमाने बंद. त्या काळात त्या पाच दांड्यांकडे आम्ही जितके पाहिले तितके आयुष्यात दुसऱ्या कोणत्या झाडाकडे पाहिले नसेल. फुले मार्चमध्ये गेली, पाने मेमध्ये पिवळी पडून गेली, आणि ती कोरी जागाही आम्ही पाहत राहिलो.

यात एवढे काय, हे कोकणातल्या माणसाला दोन शब्दांत सांगता येते. रायवळ आणि कलम. रायवळ आंब्याची बाठ कुठेही पडली की रुजते आणि प्रत्येक झाड आपली वेगळी चव घेऊन येते. आंबट, तंतुमय, कधी नवल वाटावे इतके गोड. त्यातले एखादे आवडले की त्याचे कलम बांधतात, आणि मग शंभर झाडे झाली तरी ती एकाच झाडाची अंगे असतात. आपला सगळा हापूस असाच कलमांचा. स्नोड्रॉपचे तसेच आहे. बियांना एक तेलकट खाऊ चिकटलेला असतो, त्यासाठी मुंग्या त्या ओढून नेतात आणि भलतीकडे टाकतात. रुजलेल्या रोपाला फूल यायला तीन-चार वर्षे लागतात, आणि हजारांत एखादे वेगळे निघते. ते टिकवायचे तर कंदानेच. कंद शेजारी पिल्ले घालतो, ती सोडवून लावायची. किंवा कसबी माणसे धारदार पात्याने कंदाच्या चकत्या करतात, प्रत्येक चकतीला बुडाचा थोडा भाग ठेवून, आणि त्यांतून नवे कंद वाढवतात. म्हणजे जगातले एका नावाचे सगळे कंद हा मुळात कोणाच्या तरी बागेत मुंगीने टाकलेला एकच दाणा असतो.

या जातींची मोजदाद २००२ मध्ये एका मोठ्या ग्रंथात झाली, तेव्हा सुमारे पाचशे नावे होती. आज ती दोन हजारांच्या पुढे गेली आहेत. त्यांतली कितीतरी नावे अशी की एका ठिपक्याच्या रुंदीवर ती उभी असतात, आणि जाणकारही त्यावर कुरकुर करतात. पण भाव ऐकाल तर थक्क व्हाल. २०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका घरच्या बागेत आपोआप उगवलेल्या, पिवळ्या घुंडीच्या जातीचा एक कंद ७२५ पौंडांना गेला. जातीला त्या बागेच्या मालकिणीचेच नाव आहे. २०१५ मध्ये दुसऱ्या एका पिवळ्या जातीला १,३९० पौंड मिळाले आणि २०२२ मध्ये आणखी एकीला १,८५०. कांद्याच्या पातीएवढ्या वस्तूला! चोऱ्या होऊ लागल्या. लोक बागेतल्या नावाच्या पाट्या काढून ठेवू लागले.

२०२२ च्या त्याच फेब्रुवारीत, शेजाऱ्यांच्या ओळखीने, एक संग्राहक आमच्याकडे आले. सभ्य गृहस्थ. बूट काढून घरात आले, खिमा-पाव आवडीने खाल्ला. परसात जाऊन आले आणि कंदाला दोनशे पौंड देऊ केले, पाचांपैकी तिघांचे. जात नवी आहे असे दोन वर्षे बघून ठरले तर नाव आम्ही द्यायचे.

आमचे पहिल्यांदा इथे बिनसले. एकाचे म्हणणे होते, यात विचार करण्यासारखे काहीच नाही. घर आपण विकत घेतले, भिंतीसकट, मातीसकट. इथला कायदाही तेच सांगतो. जमिनीत रुजलेले झाड वेगळे काढून ठेवलेले नसेल तर जमिनीबरोबर विकत घेणाऱ्याकडे जाते. दुसऱ्याचे म्हणणे, घर विकताना त्या मुलाने विटांची किंमत लावली होती, याची नाही. त्याला ठाऊकच नव्हते. ज्याची किंमत देणाऱ्याला ठाऊक नाही आणि आपल्याला कळली आहे, ते गप्प राहून घेणे ही कसली खरेदी? त्यावर पहिला: घेतले तेव्हा आपल्यालाही कळले नव्हते. हे खरे होते. आणि तरीही ते पुरेसे वाटत नव्हते.

मशिदीतल्या एका जाणकारांना विचारले. आम्ही शाफई, तेव्हा त्यांनी त्याच चौकटीत सांगितले. हरवलेली वस्तू सापडली तर वर्षभर पुकारा करायचा, मालक आला तर द्यायची. त्यानंतर वापरली तरी मालक पुढे कधी आला तर भरपाई द्यावी लागते. फार जुने पुरलेले धन सापडले तर पाचवा हिस्सा काढायचा. पण हे फूल दोन्हींत बसत नाही. ते हरवलेले नाही, पुरलेले धन नाही. जमीन तुमची, उगवलेले तुमचे. मग थोडे थांबून ते म्हणाले, “मसला तर सुटला. पण तुम्ही मसला विचारायला आलेला दिसत नाही.” त्यांचे बरोबर होते. मालकी कोणाची हे आम्हांला कळले होते. आम्हांला विचारायचे होते, श्रेय कोणाचे. सापडले आम्हांला, असे म्हणायला आम्ही मोकळे आहोत का?

‘शोध लागला’ हा शब्दप्रयोग आपण फार सैलपणे वापरतो. १८७४ मध्ये हेन्री जॉन एल्विस नावाचा इंग्रज जमीनदार स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीरजवळच्या डोंगरात फिरत होता. तिथे त्याला मोठ्या फुलांचा स्नोड्रॉप आढळला. पुढच्या वर्षी शास्त्रज्ञ हूकर यांनी त्या जातीला एल्विसचे नाव दिले; पुस्तकांत तो त्याचा शोध म्हणून नोंदला गेला. ग्लॉस्टरशायरमधली एल्विसची बाग आजही या फुलांसाठी प्रसिद्ध आहे, हिवाळ्यात लोक तिकीट काढून बघायला जातात. तुर्कस्तानातल्या लोकांसाठी ते फूल काही सापडायचे राहिलेले नव्हते. त्यांचा त्याला सुंदर शब्द आहे, कारदेलेन, बर्फ भेदणारा. आपल्या हापूसचे तरी काय? अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनापतीवरून ते नाव आले असे मानतात. गोव्यात ज्यांनी कलमे बांधली त्या हातांची नावे फळाला लागली नाहीत. माणूस जितका दूरचा आणि जितका वरचा, तितके त्याचे नाव फळाफुलाला लवकर चिकटते, असे दिसते.

आणि पुढची गोष्ट नावापेक्षा वाईट आहे. तुर्कस्तानच्या डोंगरांतून हे कंद विसाव्या शतकात लाखोंनी, पुढे कोट्यवधींनी, खणून युरोपात पाठवले गेले. खणणारे गरीब खेडूत, त्यांच्या हातात कंदाला नगण्य पैसे. डोंगर उघडे पडू लागले तेव्हा १९९० मध्ये या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणयादीत घातल्या गेल्या. मग कोटे ठरले. त्याच दशकात तोरोस डोंगरातल्या खेड्यांत रानातून ओरबाडण्याऐवजी शेतात कंद वाढवण्याचे उपक्रमही सुरू झाले. शेजारच्या जॉर्जियातून आजवर वर्षाला दीड कोटी कंदांपर्यंतचे कोटे दिले गेले आहेत. लँकेशायरच्या दुकानात पंचवीस कंदांची पुडी काही पौंडांना मिळते. तिच्यातला प्रत्येक कंद कोणीतरी वाकून काढलेला असतो. आणि तिच्याशेजारी, एका पिवळ्या ठिपक्यासाठी, १,८५० पौंड. वेगळेपणाला किंमत द्यावी, याला आमचा विरोध नाही. ज्याने आयुष्य घालवून नजर कमावली त्याला ती मिळावी. पण या किमतीत नजरेचा वाटा किती आणि दुसऱ्याकडे नाही या सुखाचा किती, हे बघायला हवे. आमच्या घरी आलेले संग्राहक प्रामाणिकपणे म्हणाले होते, “दहा जणांकडे झाला की मला तो आवडेनासा होईल.” त्यांचा राग आला नाही. लग्नातल्या दागिन्यांबद्दल आपल्याकडेही हेच असते, फक्त कोणी बोलून दाखवत नाही.

शेवटी ठरले, तीन द्यायचे. या फुलांचे कंद बहर संपल्यावर, पाने हिरवी असतानाच, काढून लावायची इकडची पद्धत आहे. एप्रिलमध्ये आम्ही फावड्याने तो झुबका अलगद उचलला. वीतभर खाली फावड्याला काहीतरी खटकन लागले. जस्ताची एक पट्टी होती, बोटभर रुंद, बाग करणारे नाव कोरायला वापरतात तशी. काळी पडली होती. पाण्याखाली धरून घासली तेव्हा खिळ्याने कोरलेली अक्षरे दिसली. इंग्रजीत ‘पिवळा’ आणि पुढे ९४.

म्हणजे १९९४. म्हणजे आम्ही त्या घरात यायच्या तेवीस वर्षे आधी ती बाई त्या भिंतीशी गुडघ्यावर बसली होती, बोट घालून मान वर केली होती. तिने पाहिले, तिला कळले, तिने नोंद केली. कोणाला सांगितले नाही, विकले नाही, नाव दिले नाही. किंवा सांगितले असेल आणि ऐकणाऱ्याला ते फक्त एक पांढरे फूल वाटले असेल. शेजारी बारा वर्षे तिच्या बाजूला राहिले होते. त्यांना हे ठाऊक नव्हते, आणि पट्टी पाहून त्यांचा चेहरा उतरला तो आम्हांला विसरता येत नाही. “दर फेब्रुवारीत मी त्यांना माझी चाळीस दाखवायचो,” ते म्हणाले. “त्या बघायच्या. छान आहेत म्हणायच्या.”

आमचा प्रश्न त्या पट्टीने सुटला असे वाटेल. तो अवघड झाला. आता हरवलेली वस्तू होती आणि मालकही होता. पण हरवले होते ते फूल नव्हे, तर या फुलाबद्दल तिला जे ठाऊक होते ते. आणि ते तिच्यापाशीही उरलेले असण्याची शाश्वती नव्हती. पुकारा कोणापुढे करायचा? मुलाला पत्र लिहिले, भाव लपवला नाही. त्याचे उत्तर सरळ होते: घर तुमचे, बाग तुमची, आईला आता यातले काही समजत नाही, तुम्हांला हवे ते करा. कायद्यासारखेच उत्तर. संग्राहकांना आम्ही थांबायला सांगितले. एक कंद पट्टीसह कुंडीत लावला आणि चार पुन्हा भिंतीपाशी.

या फुलाचे आणखी एक काम सांगायचे राहिले. याच्या जातींत गॅलँटामाइन नावाचे द्रव्य असते. १९५० च्या दशकात सोव्हिएत आणि बल्गेरियन संशोधकांनी त्यावर काम केले, आणि २००१ मध्ये अमेरिकेत ते विसरण्याच्या आजारावर, अल्झायमरवर, औषध म्हणून मान्य झाले. आता ते नर्गिसाच्या कंदांपासून किंवा कारखान्यात करतात. आजार थांबत नाही. काही रुग्णांना काही काळ थोडा उतार पडतो, एवढेच. बाईंच्या गोळ्यांत ते नव्हते, मुलाने सांगितले. आम्ही उगीच विचारले होते.

२०२३ च्या फेब्रुवारीत मुलाची परवानगी काढून आम्ही कुंडी घेऊन वृद्धाश्रमात गेलो. जाताना आमचा पाय जड होता, कारण कुंडीत आलेले फूल पिवळे नव्हते. हिरवे आले होते. भिंतीपाशी लावलेली चारही हिरवी आली होती. आमच्या हातून त्याचे वाटोळे झाले, असेच आम्ही धरले होते. फोनमध्ये आधीच्या वर्षीच्या पिवळ्या फुलाचा फोटो होता, तो दाखवू म्हटले.

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. अम्मीच्याच वयाच्या, तशीच पातळ वेणी. आम्ही कोण हे सांगितले, ते त्यांच्यापर्यंत पोचले नाही. फोटोकडे त्यांनी पाहिले नाही. कुंडी मांडीवर ठेवली तेव्हा त्यांचा हात आधी पट्टीला लागला, मग फुलाला. एक बोट खाली गेले, मान वर झाली. त्यांनी आत पाहिले आणि आमच्याकडे न पाहता, रागावल्यासारखे, म्हणाल्या, “याला हलवलंत. हलवलं की रुसतं हे.”

एवढेच. नंतर त्या जेवणाबद्दल बोलू लागल्या.

घरी येऊन वाचले तेव्हा कळले की ही गोष्ट जुन्या लोकांना माहीत आहे. १८९० च्या सुमारास चेशायरमधल्या एका बागेत ‘लेडी एल्फिन्स्टन’ नावाची पिवळी दुहेरी जात सापडली. ती हलवली की वर्ष-दोन वर्षे हिरवी येते आणि मनासारखे झाले की पुन्हा पिवळी होते. म्हणजे बाईंनी हे एकदा करून पाहिले होते. कुठूनतरी तो त्या भिंतीशी हलवला होता, रुसलेला पाहिला होता, आणि मग वाट पाहिली होती. आम्हांला फुलाचा रंग दिसला होता, तिला स्वभाव ठाऊक होता. सापडणे याचा अर्थ आम्ही ज्या टोकाला धरत होतो, ते फार सुरुवातीचे टोक निघाले.

बाई २०२४ च्या वसंतात गेल्या. आम्ही अंत्यविधीला मागच्या बाकावर बसलो. कुंडी मुलाला दिली. तो सदनिकेत राहतो, त्याने ती बाल्कनीत ठेवली आहे आणि दर महिन्याला पाणी किती घालायचे ते विचारतो. २०२५ मध्ये भिंतीपाशी दोन फुले पिवळी आली, दोन अर्धवट. शेजाऱ्यांना त्यातला एक कंद द्यायचे ठरवले होते, पण ते म्हणाले, नको, हलवू नका, मी इथेच येऊन बघेन. आता ते येतात, वय झाल्यामुळे गुडघ्यावर बसता येत नाही, म्हणून एका काठीला लहान आरसा बांधून फुलाखाली धरतात.

संग्राहकांनी पुन्हा पत्र पाठवले आहे. ते घाई करत नाहीत, पैशांबद्दलही आता बोलत नाहीत. नाव मात्र द्या म्हणतात. नाव नसेल तर आपल्यामागे कोणीतरी घर घेईल, तिथे फरशी घालून मोटार उभी करील आणि सगळे संपेल. त्यांचे खरे आहे. बाईंचे नाव द्यावे, असे आमच्यातल्या एकाला वाटते. एल्विसचे लागते तर तिचे का नाही? दुसऱ्याला वाटते, तेवीस वर्षांत तिला ते द्यायचे असते तर तिने पट्टीवर कोरले असते. तिने ‘पिवळा’ लिहिले. गावाकडे परसातल्या रायवळांना दादी अशीच हाक मारी, शेंदऱ्या, खोबऱ्या. कोणाचे नाव नाही, नुसते ते जसे आहे तसे. मुलाला विचारले, तर तो म्हणाला, आईला विचारायला हवे होते.

यावर आमचे एकमत झालेले नाही. पत्र उत्तरावाचून टेबलावर आहे. या जानेवारीत भिंतीपाशी सहा टोके वर आली, म्हणजे दोन पिल्ले वाढली. त्यातले एक भिंतीपासून हातभर लांब, जिथे आम्ही काहीच लावलेले नव्हते, तिथे आले आहे. त्याला अजून फूल नाही.